आमच्या वरच्या मजल्याच्या सिपोरेक्सच्या भिंती

वरच्या मजल्यासाठी विटांऐवजी मागवलेल्या हलक्या सिपोरेक्स ब्लॉकचा पहिला टेंपो पुण्यात धनकवडीच्या आमच्या गल्लीत आला त्या दिवशी बाबांनी काय केलं, तर एक फुटका तुकडा उचलला, अंगणातल्या निळ्या बादलीत टाकला आणि बघत बसले. तुकडा तरंगला. रात्रभर तसाच ठेवला, सकाळी दूध आणायला जाताना परत वाकून बघितलं तर थोडा खाली गेलेला पण तरंगतच होता. मग मला हाक मारली आणि म्हणाले, "हे बघ, पाण्यावर तरंगतंय हे. आणि तू पोराबाळांना घेऊन याच्या भिंतीत राहणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला जवळजवळ दोन वर्षं लागली. बरेच जण विचारतात की ब्लॉक घ्यावा का विटाच बऱ्या, म्हणून एकदा सगळं लिहून काढते.

खालचं घर बाबांनी १९९१ साली बांधलं. विटा निवडायला ते स्वतः भट्टीवर जायचे, दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटायच्या, खणखणीत वाजल्या की घ्यायच्या, बद्द आवाज आला की बाजूला. अजूनही नवीन बांधकाम दिसलं की त्यांचा हात विटेकडे जातो. ब्लॉकवर टिचकी मारली तर ठप्प असा आवाज येतो, लाकडावर मारल्यासारखा, त्यामुळे पहिल्याच मिनिटाला तो त्यांच्या परीक्षेत नापास झाला.

पण निवड आमच्या हातात फारशी नव्हतीच. वर मजला चढवायचा ठरल्यावर स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलावलं, त्यांनी जुनी ड्रॉइंग मागितली (बाबांनी ती प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवली होती, त्यांचं खरंच कौतुक), दोन ठिकाणी फुटिंग (कॉलमखालचा पाया) उघडून बघितलं आणि सांगितलं की कॉलम ठीक आहेत, पण वरच्या भिंती विटांच्या केल्या तर पाया अगदी काठावर येतो, ब्लॉकच्या केल्या तर निवांत. मी त्यांना हिशोब समजावून मागितला. दहा फूट बाय दहा फूट अशी एक भिंत धरा, जाडी सहा इंच, म्हणजे १५० मिलिमीटर. हे होतात १.४ घनमीटरच्या आसपास. विटांचं बांधकाम घनमीटरला साधारण १८०० किलो, म्हणजे ती एक भिंत अडीच टन. ब्लॉक कोरडा असताना घनमीटरला ५५० ते ६५० किलो, म्हणजे तीच भिंत साडेआठशे किलोच्या आसपास. आमच्या मजल्याला दारं-खिडक्या वजा करून अशा बारा भिंती होत होत्या. वीस टनांचा फरक! वीस टन म्हणजे मातीने भरलेला मोठा डंपर, तो आमच्या जुन्या कॉलमच्या डोक्यावर कायमचा उभा करायचा का नाही, एवढाच प्रश्न होता.

पुण्यात साइटवर ह्या ब्लॉकला एएसी (ऑटोक्लेव्ह्ड एरेटेड काँक्रीट, म्हणजे वाफेत शिजवलेलं जाळीदार काँक्रीट) म्हणणारे कमी, सिपोरेक्सच म्हणतात, कुठल्याही कंपनीचा असला तरी. खरं तर ते एका ब्रँडचं नाव, मूळ स्वीडनचं. पद्धतच तिथली, योहान आक्सेल एरिक्सन नावाच्या आर्किटेक्टने १९२३ च्या सुमाराला शोधलेली. त्यांना लाकडासारखं काहीतरी हवं होतं, हलकं, करवतीने कापता येईल, थंडी आत येऊ देणार नाही, पण जळणारही नाही आणि कुजणारही नाही. तिकडची थंडी अडवायला केलेली वस्तू आपण इकडे एप्रिल-मेचं ऊन अडवायला वापरतोय. आणि ती इथे आली पण पुण्यातूनच, बी. जी. शिर्के यांच्या समूहाने सत्तरच्या दशकात हे तंत्र आणून सिपोरेक्स इथे बनवायला घेतलं. बालेवाडीचं क्रीडासंकुल बांधलं तेच शिर्के. हे सांगितल्यावर बाबा थोडे नरमले, कारण शिर्क्यांबद्दल त्यांना फार आदर आहे, पण बादली काही अंगणातून हलली नाही.

मग एका ओळखीतून आम्ही दोघं ब्लॉकचा प्लँट बघायला गेलो. हा दिवस मी विसरणार नाही. औष्णिक वीजकेंद्रातली राख (फ्लाय अॅश, ब्लॉकमध्ये निम्म्याहून जास्त तीच असते), सिमेंट, चुना, थोडं जिप्सम आणि पाणी असं पातळ पिठासारखं कालवतात आणि शेवटी त्यात अॅल्युमिनियमची पावडर घालतात, किती तर एका घनमीटरला अर्ध्या किलोच्या आसपास, बास. त्या पावडरची चुन्याच्या पाण्याशी रिअॅक्शन होऊन हायड्रोजन सुटतो आणि सगळा घाणा फुगायला लागतो. मोठ्या लोखंडी साच्यात अर्ध्यापर्यंत ओतलेलं ते राखाडी पीठ आमच्यासमोर हळूहळू वर चढत गेलं. बाबा वाकून बघत होते आणि एकदम म्हणाले, "अगं हे तर आंबवलेलं पीठ!" हायड्रोजन निघून जातो, त्याच्या जागी हवा येते आणि अनारशाला पडते तशी बारीक जाळी सगळीकडे राहते. वाळलेल्या ब्लॉकचा पाऊण हिस्सा म्हणजे नुसती हवाच.

पण तिथेच थांबलं तर तो ठिसूळ तुकडाच राहील. घट्ट झालेला तो लांबरुंद केक ताणलेल्या तारांनी कापतात, खरवसाच्या वड्या पाडाव्यात तसा, आणि मग रेल्वेच्या वॅगनएवढ्या लांब लोखंडी नळकांड्यात ढकलून दार लावतात. ह्याला ऑटोक्लेव्ह म्हणतात. आत १८० ते १९० अंश तापमानाची वाफ, हवेच्या दाबाच्या दहा-बारा पट दाब, आणि दहा-बारा तास. थोडक्यात एक राक्षसी प्रेशर कुकर. ह्या वाफेत चुना आणि राखेतली सिलिका मिळून टोबरमोराइट नावाचे स्फटिक बनतात आणि ब्लॉकची खरी ताकद त्यातून येते. बाबांनी वीट भट्टीत भाजलेली बघितली होती, ब्लॉक वाफेत शिजलेला बघितला, आणि परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "कारखाना चांगला आहे. आता बांधणारा कसा आहे ते बघ."

इथे ते शंभर टक्के बरोबर होते आणि मी तिथेच कमी पडले.

पहिल्या कॉन्ट्रॅक्टरला विटांच्या कामाचा पंचवीस वर्षांचा अनुभव होता. अनुभव खरा होता, पण विटांचाच. काम सुरू झालं जुलैमध्ये. ब्लॉक गल्लीत उघड्यावर रचलेले, वरून ताडपत्री नाही, धो धो पाऊस. त्यात गवंडी वीट भिजवतात तशी सवयीने ब्लॉकवर परत पाइपने पाणी मारायचे. जोडायला एक इंच जाड माल, तोही सिमेंट भरपूर घालून, कारण "ताई, घरचं काम आहे, माल तेज ठेवलाय." तेव्हा मला ते ऐकून किती बरं वाटलं होतं. भिंत सरळ बीमच्या खालपर्यंत एका दमात नेली आणि त्याच दिवशी वरची फट मालाने ठासून पॅक केली. आठवड्याभरात गिलावा. इलेक्ट्रिशियन आला, त्याने छिन्नी-हातोडी घेऊन पाइपसाठी खाचा मारल्या, वाटेल तिथे आडव्या सुद्धा. मी रोज साइटवर जात होते, चहा देत होते, फोटो काढत होते, आणि ह्यातलं एकही चूक आहे हे मला कळत नव्हतं.

दिवाळीत आम्ही वर राहायला गेलो. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात बेडरूमच्या खिडकीच्या कोपऱ्यातून एक तिरकी भेग निघाली. मग कॉलम आणि भिंत जिथे भेटतात तिथे वरपासून खालपर्यंत सरळ रेघ. मग हॉलमध्ये. एप्रिल संपेपर्यंत मी अकरा मोजल्या. रात्री झोप यायची नाही, मुलगा भिंतीला टेकून अभ्यासाला बसला तरी मी त्याला इकडे ये म्हणायची. बाबा एक अक्षर बोलले नाहीत, आणि ते बोलत नाहीत हेच जास्त लागत होतं.

स्ट्रक्चरल इंजिनिअर परत आले, सगळ्या भेगा बघितल्या आणि आधी एक गोष्ट सांगितली की घराला धोका नाही, कारण घर कॉलम-बीमवर उभं आहे, भिंती मधे भरलेल्या आहेत. मग त्यांनी भेगा का पडल्या ते सांगितलं, आणि ब्लॉक वापरणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायलाच पाहिजे.

ब्लॉक ऑटोक्लेव्हमधून निघतो तेव्हा त्याच्यात वजनाच्या तीस टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. सहा इंची ब्लॉक, ६०० बाय २०० बाय १५०, कोरडा अकरा किलोच्या आत असतो, पण ताजा उचलला तर चौदा किलो लागतो, तो फरक पाण्याचा. हे पाणी जसं सुकतं तसा ब्लॉक किंचित आकसतो. आयएस २१८५ ह्या भारतीय मानकाच्या भाग ३ मध्ये चांगल्या ग्रेडच्या ब्लॉकला ०.०५ टक्के आकसण्याची मर्यादा दिली आहे. ऐकायला काहीच नाही वाटत, पण चार मीटर लांब भिंतीला हिशोब करा, दोन मिलिमीटर. ते दोन मिलिमीटर कुठून तरी निघणारच. आमचे ब्लॉक पावसात भिजून आणखी पाणी पिऊन बसलेले, ते सगळं पाणी भिंतीत बंद केलं, वरून गिलावा लावला, आणि मार्चचं ऊन लागल्यावर भिंत आकसायला लागली. बाजूला कॉलम तिला सोडत नाही, वर बीमला ठासून पॅक केलेली, आणि जोडणारा माल ब्लॉकपेक्षा जास्त कडक. माल जरा नरम असता तर सांध्यात बारीक केसासारख्या रेघा येऊन ताण निघून गेला असता. आपल्याकडे जास्त सिमेंट म्हणजे जास्त पक्कं हे डोक्यात इतकं बसलंय की तेज माल घातला म्हणून मीच त्यांना शाबासकी दिली होती. ब्लॉकला माल ब्लॉकपेक्षा कमजोरच पाहिजे, एकास सहा (एक भाग सिमेंट, सहा भाग वाळू), नाहीतर पोत्यात मिळणारा पातळ थराचा जॉइंटिंग माल, जो तीनच मिलिमीटर लावायचा असतो.

मागची भिंत आणि पुढची गच्चीलगतची खोली राहिली होती, त्यासाठी नवीन मिस्त्री शोधले. लातूरकडचे, औसा तालुक्यातले, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. त्यांनी पहिल्या दिवशी एकही ब्लॉक लावला नाही. आधी विचारलं ब्लॉक येऊन किती दिवस झाले, मग जमिनीवर फळ्या टाकून त्यावर रचून घेतले, वर प्लास्टिक, बाजूंनी वारा मोकळा, आणि सांगितलं की तीन आठवडे हात लावायचा नाही. मी म्हटलं मामा, तीन आठवडे काम बंद? तर म्हणाले, "ताई, आत्ता थांबा, नाहीतर चैतात रडाल." माझ्या चैत्रातलं रडणं त्यांना कोणी सांगितलेलं नव्हतं.

मग त्यांचं काम बघत बसायला मला फार आवडायचं. पहिला थर जाड मालावर, लेव्हल-ट्यूबने दोनदा तपासून, कारण पहिला थर वाकडा गेला तर पातळ मालात पुढे सुधारायला जागाच राहत नाही. त्यानंतर प्रत्येक ब्लॉकची धूळ ब्रशने झाडायची, तोंडावर पाण्याचा नुसता हबका मारायचा, दात्याच्या थापीने माल ओढायचा, ब्लॉक ठेवून रबरी हातोड्याने दोन ठोके, ओळंबा. अर्धा ब्लॉक लागला तर करवतीने कापायचा, छिन्नी नाही. एका दिवसात सहा-सात थर, चार-साडेचार फूट, मग थांबायचं. कमरेएवढ्या उंचीवर आरसीसीची पाटली (सळ्या घातलेल्या काँक्रीटचा आडवा पट्टा) आणि खिडकीखाली सुद्धा पाटली, दोन्ही बाजूंनी खिडकीच्या पुढे नेलेली, म्हणजे कोपऱ्यातून तिरकी भेग निघत नाही. दर दोन-तीन थरांना कॉलममधून पट्टी काढून सांध्यात घेतलेली. वरती बीमखाली बोटभर फट सोडून दिली, ती गिलाव्याच्या आधी सगळ्यात शेवटी भरली. कॉलम-भिंतीच्या सांध्यावर जाळी, नंतर गिलावा, तोही एकास सहा. खाचा मशीनने, उभ्या, ब्लॉकच्या जाडीच्या एक तृतीयांशपेक्षा खोल नाहीत.

एका दुपारी जेवताना बाबांनी मामांना तोच त्यांचा प्रश्न विचारला, की एवढी हलकी भिंत, भूकंप झाला तर? आपण भूकंपाच्या तिसऱ्या झोनमध्ये, म्हणजे मध्यम धोक्याच्या पट्ट्यात आहोत, आणि डिसेंबर १९६७ चा कोयनेचा धक्का बाबांना लहानपणचा आठवतो, पुण्यात पहाटे भांडी वाजली होती. मामांनी भाकरी खाली ठेवली. ते म्हणाले, "काका, किल्लारी झाली तवा मी नऊ वर्षाचा होतो. आमच्या गावात दोन-दोन हात रुंद दगडाच्या भिंती, आत माती, वर माळवद, त्यावर दर साली नवीन मातीचा थर. जड म्हणजे पक्कं असंच म्हणायचे. ते जडच आमच्या अंगावर आलं." ३० सप्टेंबर १९९३, अनंत चतुर्दशीनंतरची पहाट. त्यानंतर कोणीच काही बोललं नाही. बाबांनी उठून त्यांच्या ताटात स्वतःच्या हाताने भाजी वाढली.

भूकंपात इमारतीवर येणारा जोर तिच्या स्वतःच्या वजनाच्या प्रमाणात असतो, हे मला इंजिनिअरने आधीच सांगितलं होतं. पण ते मामांच्या तोंडून ऐकल्यावर बाबांच्या आत पोचलं. (ब्लॉक वापरला म्हणून घर भूकंपात टिकतं असं मात्र समजू नका, टिकवतात ते नीट बांधलेले कॉलम-बीम आणि त्यातलं स्टील. हलक्या भिंती त्यांच्यावरचा भार कमी करतात, तेवढंच त्यांचं काम.)

आता राहून बघितल्यावरचं सांगते. उकाड्याचं विचारतात सगळे. पश्चिमेच्या भिंतीला संध्याकाळी पाच वाजता आतून हात लावला तर खालच्या विटांच्या भिंतीइतकी ती तापलेली नसते, हे नक्की, कारण ह्या जाळीतून उष्णता विटेच्या साधारण तिप्पट-चौपट कमी जाते. पण कोणी सांगत असेल की ब्लॉक लावले म्हणजे पंखा पण नको, तर विश्वास ठेवू नका. वरच्या मजल्याला खरा ताप स्लॅबमधून येतो. आम्ही गच्चीवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करून वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सचे तुकडे) केलं, त्याचा फरक मला भिंतींपेक्षाही जास्त जाणवला.

आवाजाच्या बाबतीत मात्र मी निराश आहे. वजन कमी म्हणजे आवाज अडवायची ताकद पण कमी, मुलाच्या खोलीची चार इंची पार्टिशन आहे तिच्यातून त्याची ऑनलाइन मीटिंग मला शब्द न् शब्द ऐकू येते. परत बांधायची वेळ आली तर दोन बेडरूमच्या मधे सहा इंच किंवा आठ इंचच घेईन.

खिळा नुसता ठोकला तर धरत नाही, चार दिवसांनी कॅलेंडरसकट हातात येतो. भोक पाडून नायलॉनचा लांब प्लग लागतो, आणि भोक पाडताना ड्रिलचं हॅमरिंग बंद ठेवायचं, नाहीतर भोक कपाएवढं होतं. गीझर, किचनच्या वरच्या ट्रॉल्या, मोठा टीव्ही असं जड असेल तर आधीच ठरवून त्या उंचीवर काँक्रीटची पट्टी घ्या, किंवा आरपार बोल्ट. आईचा झोपाळा स्लॅबच्या हुकलाच आहे, तो भिंतीवर घ्यायचा विषयच नव्हता.

बाथरूमच्या भिंती बाबांच्या हट्टाखातर विटांच्या केल्या, म्हणजे फक्त सात फुटांपर्यंत, इंजिनिअरला विचारून. ब्लॉकला वॉटरप्रूफिंग नीट केलं तर तिथेही चालतो म्हणतात, पण त्या बादलीतला तुकडा रात्रभरात थोडा खाली गेला होता हे मी विसरले नव्हते. जाळी हवा धरते तशी पाणीपण धरते. बाहेरून सुद्धा गिलावा दोन थरांत आणि वर चांगला टेक्सचर पेंट ह्यात काटकसर केली नाही, आपल्याकडचा पाऊस पश्चिमेच्या भिंतीवर आडवा येतो.

घेताना एक नक्की बघा. अगदी ब्लॉकसारखाच दिसणारा सीएलसी नावाचा प्रकार पण मिळतो, तो साबणासारखा फेस मिसळून करतात आणि साध्या पाण्याने क्युरिंग करतात, ऑटोक्लेव्ह नसतो, आणि तो जास्त आकसतो. दुकानदार दोन्हीला लाइटवेट ब्लॉकच म्हणतो. म्हणून टेस्ट सर्टिफिकेट मागा, त्यावर घनता, ताकद (चांगल्या ग्रेडला चार न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर) आणि आकसण्याचा आकडा तिन्ही असायला हवेत. भाव घनमीटरवर असतो त्यामुळे महाग वाटतो, पण एक ब्लॉक भिंतीत सहा-सात विटांची जागा खातो, सिमेंट-वाळू खूपच कमी लागते, आणि गवंड्याचा वेळही. फक्त तो वाचलेला वेळ ब्लॉक सुकवण्यात घाला.

जुन्या अकरा भेगांचं काय केलं ते राहिलंच. मामा म्हणाले लगेच भरू नका, भिंत अजून सुकतीये, तिला सुकू दे. मग बाबांनी एक काम हातात घेतलं. प्रत्येक भेगेच्या दोन्ही टोकांना पेन्सिलने आडवी रेघ मारायची आणि शेजारी तारीख लिहायची, दर महिन्याच्या एक तारखेला, चष्मा लावून, स्टूलवर चढून, खाली मी स्टूल धरून. जून, जुलै, पावसाळ्यात काहीच नाही. नोव्हेंबरमध्ये हॉलमधली एक बोटभर पुढे सरकली. मामांनी पुढची खोली संपवल्यावर जानेवारीत सगळ्या व्ही आकारात उघडून जाळी लावून नरम मसाल्याने भरून दिल्या, बाबांनी भरलेल्या जागेवर परत नवीन रेघा मारल्या. ह्या मार्चला आणि एप्रिलला दोन्ही वेळा स्टूलवर चढून झालं, एकही भेग परत उघडलेली नाही. मी म्हटलं बाबा, आता रंगवून घेऊया. ते म्हणाले अजून मे जाऊ दे.